बचतीचं वाण

“आमची शालन रिठे कुटत बसते ना, त्याची खरं तर काही गरज नाही,” वसुंधराबाई शिंत्रे माइकमध्ये म्हणाल्या. “रिठ्याऐवजी सरळ धुण्याचा सोडा घाला. स्वस्त पडतो आणि पाच मिनिटांत काम होतं.”

साठ-सत्तर बायकांनी एकदम माना डोलावल्या. जरीच्या साड्या नेसून, गजरे माळून बसलेल्या बायका भांडी घासायच्या पावडरीवर माना डोलावतात तेव्हा बघण्यासारखं असतं. त्यातल्या निम्म्यांनी लग्नानंतर हातात घासणी धरलेली नसणार. वहीत मात्र सगळ्या लिहून घेत होत्या. एकीनं तर “सोडा” या शब्दाखाली दोनदा रेघ ओढलेली मी स्वतः पाहिली.

मी सगळ्यात मागं, चहाच्या पिंपाशेजारी सतरंजीवर बसून पुड्या बांधत होते. मिरजेतल्या शिंत्र्यांच्या मंगल कार्यालयात महिला मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. दरवर्षी वसुंधराबाई वाण म्हणून स्टीलची वाटी, नाहीतर प्लास्टिकचा डबा द्यायच्या. त्या साली त्यांना काटकसरीची हुक्की आली होती. ‘घरच्या घरी बचत’ असं व्याख्यान, आणि वाण म्हणून घरी केलेली भांड्यांची पावडर, प्रत्येकीला पाव किलो. कार्यालय त्यांचं, माइक त्यांचा, बचतही त्यांचीच. पावडरीची कृती तेवढी माझी होती.

माझी म्हणजे तसली पावडर मी करून दारोदार विकायचे. माझं वय तेव्हा तेहतीस. आमचे हे सांगलीला हळदीच्या अडतीत हमाली करायचे, आणि त्या हमालीत घर पुरं पडत नव्हतं. बेकरीच्या भट्टीतली राख फुकट मिळायची, ती मी मलमलीतून चाळून घ्यायचे. सरबताच्या गाडीवाल्यांकडून लिंबाच्या साली आणून पत्र्यावर वाळवायच्या. गिरणीतून डाळीची चुणी, थोडी पांढरी रांगोळी, आणि मुख्य म्हणजे रिठे. रिठे कुटणं हे खरं काम. नाकातोंडात जातं, शिंका येऊन येऊन डोकं दुखतं. पण त्या पावडरीनं भांडं निघायचं आणि घासणारीला त्रास व्हायचा नाही. कॉलनीतल्या तीस-चाळीस घरांत माझी पावडर जायची. बायका आठ आण्यांसाठी दारात दहा मिनिटं घासाघीस करायच्या आणि आत जाऊन फ्रीजमधलं गार पाणी पिऊन यायच्या. मला विचारायच्या नाहीत.

तर ही पावडर वसुंधराबाईंच्या वहीत कशी गेली, ते सांगते. मार्गशीर्षात त्यांनी मला घरी बोलावलं होतं. खुर्चीवर बसवलं. चहा दिला, तोही त्यांच्याच कपातून. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

“शालन, कार्यालयाला महिन्याला चाळीस किलो पावडर लागते बघ,” त्या म्हणाल्या. “दुकानातून आणतो आम्ही. पुढच्या सीझनपासून सगळी तुझ्याकडूनच घेईन म्हणते.”

चाळीस किलो म्हणजे मला दारोदार हिंडायलाच नको. घरी बसायचं, करायचं आणि एका ठिकाणी पोचवायचं.

“फक्त त्यात काय काय असतं ते कळायला हवं हो. लग्नाघरची भांडी. उद्या कुणाला काही झालं तर मी काय सांगू?”

मी सांगितलं. राखेपासून चुणीपर्यंत सगळं, मापासकट. सोड्याचंही सांगितलं की मी नावापुरता, किलोला चिमूटभर घालते. त्यांनी सुरेख अक्षरात उतरवून घेतलं. निघताना म्हणाल्या, “तू तर मला बहिणीसारखी.” मोठ्या लोकांना बहिणी फार स्वस्तात मिळतात.

आणि आज त्याच वहीतून त्या माइकवर वाचत होत्या. रिठा गेला होता आणि सोडा वर चढला होता, किलोत पाव किलो. पुड्या बांधायला घेतल्या तेव्हाच मला बोटांना कळलं होतं. माझी पावडर मऊ लागते. ही खरखरीत होती आणि नाकाला झोंबत होती.

“शालन,” त्यांनी माइकमधूनच हाक मारली, “बरोबर ना गं, सोड्याचं?”

सत्तर माना माझ्याकडं वळल्या. पहिल्यांदाच कुणीतरी मला काही विचारत होतं.

सोडा जर्मनच्या भांड्यांना, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, चालत नाही. भांडं काळं पडतं. हे मी कुठं वाचलं नव्हतं. माझी शाळा चौथीत सुटली. घरातली दोन पातेली वाया घालवून मी ते शिकले होते. कार्यालयातली सगळी मोठी पातेली जर्मनची आहेत, हेही मला ठाऊक होतं. उभं राहून एवढं एक वाक्य बोलायचं होतं.

“तुम्ही सांगताय म्हणजे बरोबरच असणार,” मी म्हणाले.

टाळ्या पडल्या. मला वाटतं, त्या टाळ्यांमध्ये माझ्याएवढं मनापासून हसणारं दुसरं कुणी नव्हतं. पडू देत काळी, असं मी म्हटलं. सगळी पातेली कोळशासारखी होऊ देत. मग येतील वही घेऊन.

कार्यक्रम संपल्यावर, बायका तिळगूळ खात रेंगाळल्या होत्या तेव्हा, मी ऑर्डरीचं विचारलं.

“अगं, आता कशाला?” वसुंधराबाई अगदी सहज म्हणाल्या. “आमच्या आनसाबाईच करतात की घरच्या घरी. बचत बचत म्हणून मीच सांगायचं आणि मीच विकत घ्यायचं, बरं दिसतं का ते? तू वाण घेतलंस ना?”

मला पाव किलो पावडर वाण म्हणून मिळाली. माझ्या हातानं बांधलेली पुडी.

आनसाबाई कार्यालयात भांडी घासायच्या. पन्नाशीच्या, बुटक्या, म्हैसाळच्या बाजूच्या. हाताखाली आणखी दोघी. मी त्यांना ओळखायचे ते येताजाता बघून. तोंडानं कधी दोन वाक्यांपेक्षा जास्त झालं नव्हतं. त्या दिवशी दाराशी चपला घालताना त्या माझ्याजवळ येऊन थांबल्या. काहीतरी विचारायचं होतं त्यांना. पण मला तेव्हा कुणाचंच तोंड बघायचं नव्हतं. मी चपला हातात घेऊन तशीच निघून आले.

पुढचे तीन आठवडे माझे मजेत गेले, म्हणजे पैशाच्या बाजूनं वाईट आणि मनाच्या बाजूनं मजेत. निम्मी गिऱ्हाइकं तुटली. आता घरी करतो आम्ही, असं बायका अभिमानानं सांगायच्या. चार किलो पावडर करून ज्यांनी आयुष्यातली बचत पुरी केली त्या बायका मला काटकसर शिकवत होत्या. पण मग एकीचा कुकर आतून काळा पडला. दुसरीची इडलीची ताटं. पाटलीणबाई मला जिन्यात गाठून हळूच म्हणाल्या, “शालन, तुझी जुनी पावडर आहे का गं? कुणाला सांगू नकोस.”

“का हो? वाण संपलं का?”

“राहू दे ना आता.”

मी त्यांना दोन किलो दिली आणि भाव चढवला. त्यांनी घासाघीस केली नाही. त्या जिन्यात मला जेवढं बरं वाटलं तेवढं नंतर लाखाची उलाढाल झाली तेव्हाही वाटलं नाही.

माघातल्या एका मोठ्या मुहूर्ताला सकाळी आठच्या सुमारास आमच्या बोळाच्या तोंडाशी पांढरी गाडी थांबली. गाडी आत शिरेना, म्हणून वसुंधराबाई चालत आल्या. गटारीवरची फरशी चुकवत, पदर नाकाला.

“शालन, चल पटकन. पातेली काळी पडलीत सगळी.”

“कसली पातेली?”

“अगं, कार्यालयाची. साडेबाराचा मुहूर्त आहे, आचारी भात टाकायला तयार नाही. तुला येतं ना काहीतरी?”

मी चुलीपुढं बसले होते, तिथून उठले नाही. “मला काय येणार, बाई. मी रिठे कुटणारी.”

“असं नको ना बोलू. तुझी ऑर्डर दिली मी. चाळीस किलो. आजपासून.”

“सगळ्यांसमोर सांगाल?”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या चुलीकडं, भिंतीकडं, टांगलेल्या सालींच्या माळांकडं बघितलं. “सांगेन,” म्हणाल्या.

गाडीत मी पुढं बसले. मागं बसायला सांगितलं तरी बसले नाही.

कार्यालयाच्या मागच्या अंगणात सात मोठी पातेली ओळीनं पालथी घातली होती. आचारी खांद्यावरच्या पांढऱ्या पंच्यानं एका पातेल्याचं बूड आतून पुसून मुलीच्या वडलांना दाखवत होता. पंचा काळा.

“ह्यात भात केला तर मास्तर, कावळ्याच्या रंगाचा होईल,” तो म्हणाला. “वऱ्हाडी काय म्हणतील ते तुम्ही ऐकून घ्या. मी काय बोलून घ्यायचा न्हाई.”

मुलीचे वडील कुठल्याशा गावी शाळामास्तर होते. कार्यालयाचं भाडं त्यांनी आगाऊ भरलं होतं, आणि ते वाया चाललेलं त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं.

मी कोठीतली चिंच मागितली. आमटीसाठी आणलेली होती, तीन-साडेतीन किलो. “सगळी?” वसुंधराबाईंनी विचारलं. अशा वेळीही त्यांची बचत जागी होती. सगळी, मी म्हणाले. गरम पाण्यात कोळून घेतली, आणि पातेली जाळावर चढवून काठोकाठ ते पाणी ओतलं. चिंचेचं पाणी उकळलं की काळेपणा आपोआप सुटतो, घासावं लागत नाही. मी माझ्या दोन पातेल्यांवर ते शोधून काढलं होतं, आणि त्या दिवसापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.

“अक्का, इकडं धरा जरा,” मी आनसाबाईंना म्हणाले. पातेलं फिरवायचं होतं.

त्या पुढं आल्या, पण पातेल्याचा कान धरायला त्यांनी मनगटं पुढं केली. बोटं पदरात गुंडाळलेली.

“असं कसं उचलायचं? नीट धरा की.”

त्यांनी पदर सोडला आणि धरलं. तेव्हा मी ते हात बघितले. बोटांची टोकं सोलून लाल झाली होती. अंगठ्याच्या बेचक्यात भेगा पडून त्यात पाणी सुटलं होतं. तळव्याची कातडी जागोजाग पांढरी फुगलेली, जशी भिजलेली भाकरी. तीन आठवडे, रोज, किलोत पाव किलो सोडा. मागं उभ्या असलेल्या दोघींचेही पदर हातांना गुंडाळलेले होते.

“चला, फिरवा,” मी म्हणाले. आचारी खोळंबला होता.

अर्ध्या तासात पहिलं पातेलं ओतलं. आतून असं पांढरं निघालं की आचाऱ्यानं त्यात वाकून तोंड बघितलं. “वा रे बाई,” तो म्हणाला, आणि लगेच दुसऱ्याकडं वळला. दहा वाजेपर्यंत सातही झाली. अंगणात माणसं गोळा झाली होती. मंडळातल्या दोघी-तिघी लग्नाला आल्या होत्या, त्याही उभ्या होत्या, आणि त्यांनी आपापले कुकर आठवल्यासारखे चेहरे केले होते.

मास्तरांचा जीव आता जागेवर आला होता, आणि जागेवर आल्या आल्या त्यांना राग आला. “झालं ते झालं,” ते म्हणाले, “पण हे कुणामुळं झालं ते मला कळलं पाहिजे. ऐन मुहूर्ताला माझी काय अब्रू गेली असती.”

मंडळातली एक बाई घसा खाकरली. “ती वाणाची पावडर...”

“छे, छे,” वसुंधराबाई म्हणाल्या. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. अंगणभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “आजपासून कार्यालयाची सगळी पावडर आमची शालनच देणार आहे, बरं का. तिला यातलं सगळं कळतं. शालन, तूच सांग बाई. पावडरीत काही दोष नव्हता ना? घासणाऱ्यांनीच काहीतरी घोळ घातला असणार. हो ना?”

खांद्यावरचा हात गरम होता. अत्तराचा वास येत होता. मला त्या बाईची एवढी किळस त्याआधी कधी आली नव्हती. एक वाण, एक वही, एक माइक, आणि आता हा हात. आणि चाळीस किलो.

आनसाबाई पातेल्यापलीकडं उभ्या होत्या. हात पुन्हा पदरात.

मी म्हणाले, “जर्मनची भांडी पावडर लावून भिजत ठेवायची नसतात. ही रात्रभर भिजत ठेवली होती.”

यात खोटं काही नव्हतं. शब्दन् शब्द खरा होता. बुडाला पाण्याची रेघ उमटलेली मला दिसली होती. आजही कुणी विचारलं तर मी तेच सांगेन, की जर्मनची भांडी भिजत ठेवू नयेत.

“बघा,” वसुंधराबाई मास्तरांना म्हणाल्या. “शंभर वेळा सांगते मी यांना.” मग आनसाबाईंकडं वळून, आवाज न चढवता, “आनसाबाई, आजचा दिवस करा आणि उद्यापासून येऊ नका.”

आनसाबाई माझ्याकडं बघतसुद्धा नव्हत्या. त्यांनी आजचा दिवसही केला नाही. कोपऱ्यातली पिशवी मनगटात अडकवली आणि मागच्या दारानं गेल्या.

तिसऱ्या दिवशी मी पहिले चाळीस किलो पोचवले. ती ऑर्डर पुढं अकरा वर्षं चालली. तिच्यावर मी गिरणी घेतली, हाताखाली बायका ठेवल्या, मुलीचं लग्न केलं, तेही त्याच कार्यालयात. वसुंधराबाई शेवटपर्यंत मला बहीण म्हणत राहिल्या आणि मी म्हणू दिलं.

पण चौथ्या दिवशी मी आनसाबाईंकडं गेले होते. पत्ता विचारत विचारत. स्टेशनामागच्या वस्तीत एक खोली, पुढं पत्र्याचं छप्पर. त्या उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होत्या, म्हणजे सून निवडत होती आणि त्या बघत होत्या. मी कोकमाचं तेल वितळवून वाटीत नेलं होतं. भेगांना त्यासारखं औषध नाही.

“अक्का, हे लावा. रात्री झोपताना. आठ दिवसांत भरून येतील.”

त्यांनी वाटी घेतली, वास घेतला. “कोकमाचं हाय व्हय,” म्हणाल्या. “बरं असतंय.”

सून तांदळातले खडे अंगणात फेकत होती.

“भिजत ठेवायला नको होती तुम्ही,” मी शेवटी म्हणाले. मला काय म्हणायचं होतं कुणास ठाऊक. तोंडातून ते आलं.

“हात चालंनात,” त्या म्हणाल्या. “सात पातेली. म्हटलं रातभर भिजू द्यात, सकाळी नुसतं पाणी मारलं की झालं. काळी पडतील हे मला कुठलं ठावं. ही तुमच्यावाणी न्हाई हे मातर पहिल्यांदा कालवतानाच कळलं हुतं. तुमची असली की हाताला काय होत न्हाई. मागं एकदा कुणीतरी दिली हुती, दोन दिवस वापरली मी. म्हणून तर त्या दिवशी, हळदीकुंकवाला, तुमाला इचाराय आले हुते. ही लावली तर चालंल न्हवं म्हणून.”

“मग विचारलं का नाही?”

“तुमी चपला घेऊन गेला की वो.”

“मग वसुंधराबाईंना तरी सांगायचं होतं तुम्ही. हात दाखवायचे होते.”

“मी सांगून कोण ऐकतंय?” त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. राग नव्हता. रागावण्याइतकीही मी त्यांच्या लेखी उरले नव्हते, हे मला हळूहळू कळत गेलं. “तुमाला बाईंनी माईकावरनं इचारलं हुतं. मी मागं उभी हुते. तुमी नुसतं न्हाई म्हटलं असतं, तर ऐकलं असतं की सगळ्यांनी.”

त्या उठल्या. आत जाऊन तेल एका बाटलीत ओतलं. थोडं सांडलं, ते पायाला पुसलं. मग चुलीतली राख घेऊन वाटी घासायला बसल्या.

“अहो, राहू द्या अक्का, तशीच द्या. हात बघा तुमचे.”

त्या थांबल्या नाहीत. सुनेनं पुढं केलेला हातही त्यांनी बाजूला सारला. आतून, बाहेरून, काठाखाली बोट घालून, सावकाश घासली. धुतली, पदरानं पुसली.

आमच्याकडं कुणाची वाटी रिकामी परत करत नाहीत. घरात काही नसलं तरी चिमूटभर साखर, नाहीतर चार तांदळाचे दाणे घालतात. निवडलेले तांदूळ तिथंच सुपात होते. सुनेनं मूठ भरलीसुद्धा.

“राहू दे,” आनसाबाई तिला म्हणाल्या, आणि रिकामी वाटी माझ्या हातात ठेवली.